तारकर्लीला जायला किती सीसी लागतात? मोठ्या ॲडव्हेंचर टुरिंग बाइक्स आणि आपला रस्ता

डिसेंबरमधल्या एखाद्या शनिवारी तारकर्लीत फिरलात, तर निवास-न्याहारीच्या घरांच्या अंगणात, माडाखाली उभ्या असलेल्या मोठ्या बाइक्स दिसतात. पुढे चोचीसारखा मडगार्ड, उंच काच, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या आणि पुणे, मुंबई, कोल्हापूर किंवा बेळगावची नंबरप्लेट. संध्याकाळपर्यंत त्यांचे रील्स इन्स्टाग्रामवर येतात आणि पाहणाऱ्यांच्या मनात एकच प्रश्न येतो: आपण यातली कोणती घ्यावी?

या बाइक्सच्या किमती साधारण सहा लाखांपासून पंचवीस लाखांच्या पुढे जातात. म्हणजे चुकीची निवड झाली तर नुकसान मोठं. आणि ते फक्त पैशांचं नसतं. अडीचशे किलोची गाडी घाटातल्या वळणावर थांबवताना पाय जमिनीला पुरला नाही, तर गाडी कलंडते आणि पाय खाली सापडतो. म्हणूनच जाहिरातीतलं वाळवंट बाजूला ठेवून, आपल्या रस्त्यावर या बाइक्स कशा ठरतात ते पाहू.

ॲडव्हेंचर टुरिंग बाइक म्हणजे काय?

या प्रकाराची सुरुवात १९८० साली बीएमडब्ल्यूच्या आर ८० जी/एस या गाडीपासून झाली, असं मानलं जातं. त्यातलं 'जी' म्हणजे जर्मन भाषेत खडबडीत मुलूख आणि 'एस' म्हणजे रस्ता. एकाच गाडीने दोन्हीकडे जावं, ही त्यामागची कल्पना. १९८१ मध्ये ह्युबर्ट ओरिऑलने बीएमडब्ल्यूवर पॅरिस-डकार रॅली जिंकली आणि या गाड्यांना वाळवंटाचं वलय मिळालं. २००४ मध्ये अभिनेता इवान मॅकग्रेगर आणि त्याचा मित्र चार्ली बूरमन यांनी लंडन ते न्यूयॉर्क असा प्रवास बीएमडब्ल्यूच्या आर ११५० जीएस ॲडव्हेंचरवर केला. त्यावरच्या मालिकेने हा प्रकार जगभर घरोघरी पोहोचवला.

पण लोक या गाड्या घेतात ते बहुतेक वेळा वेगळ्याच कारणासाठी. हँडल रुंद आणि उंच असतं, त्यामुळे पाठ ताठ राहते. सस्पेन्शन लांब असल्याने खड्डे कमी जाणवतात. मागे बसणाऱ्याला ऐसपैस जागा मिळते आणि सामान व्यवस्थित लागतं. थोडक्यात, दिवसभर डांबरी रस्त्यावर बसून राहण्यासाठी ही आरामशीर गाडी आहे.

पुणे ते तारकर्ली: रस्ता नेमका कसा आहे?

कोल्हापूरमार्गे हे अंतर सुमारे ४०० किलोमीटर पडतं. त्याचे चार तुकडे करता येतात.

पहिला तुकडा पुणे ते कोल्हापूर, सुमारे २३० किलोमीटर. हा राष्ट्रीय महामार्ग ४८. इथे लागतो तो वाऱ्यापासून बचाव आणि आरामशीर सीट.

दुसरा तुकडा कोल्हापूर ते गगनबावडा आणि तिथून करूळ घाटाने खाली वैभववाडी, तळेरे. पर्याय म्हणून राधानगरी-दाजीपूरकडून फोंडा घाट किंवा आजऱ्याकडून आंबोली घाट. घाटात लागतात ते चांगले ब्रेक, सहज वळणारं पुढचं चाक आणि कमी वेगात न अडखळणारं इंजिन. पावसाळ्यात दरडी कोसळून हे घाट अधूनमधून बंद होतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी लागते.

तिसरा तुकडा तळेरे, कणकवली, कसाल असा मुंबई-गोवा महामार्गाचा. सिंधुदुर्गातला हा भाग चौपदरी झाला आहे.

चौथा तुकडा कसाल ते मालवण आणि पुढे तारकर्ली. मालवणपासून तारकर्ली जेमतेम सात किलोमीटर. पण तिथून देवबागकडे जाताना रस्ता अरुंद होत जातो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं, माड आणि जांभ्याचे गडगे. समोरून एसटी आली की पेट्या लावलेल्या बाइकला बाजूला व्हायला जागा शोधावी लागते.

या ४०० किलोमीटरमध्ये कच्चा रस्ता किती? मुख्य रस्त्यावरून घराच्या अंगणापर्यंतचे फार तर काहीशे मीटर. त्यामुळे या प्रवासासाठी गाडी निवडताना नदी ओलांडण्याची क्षमता हा मुद्दा जवळजवळ बाद होतो.

ताकद किती पुरते?

केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटरसायकलची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर दुचाकींना परवानगीच नाही. म्हणजे महाराष्ट्रातले सर्वांत वेगवान रस्ते या बाइक्सना बंद आहेत.

मग १४५ किंवा १७० हॉर्सपॉवरचं करायचं काय? खरं सांगायचं तर त्यातली बरीचशी ताकद वापरलीच जात नाही. उपयोगी पडतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ. तीही कमी आरपीएमला मिळायला हवी. घाटात ट्रकच्या मागून चाळीसच्या वेगात निघताना, मागे माणूस आणि दोन पेट्या सामान असताना, गिअर न बदलता गाडी उचलली जाते का, हे महत्त्वाचं.

युरोपात नव्या चालकांसाठी ए-टू नावाचा परवाना असतो. त्यावर ३५ किलोवॉट, म्हणजे साधारण ४७ हॉर्सपॉवरपर्यंतचीच गाडी चालवता येते. होंडा एनएक्स ५०० सारख्या गाड्यांची ताकद त्या मर्यादेत बसवलेली आहे आणि तिथले लोक त्यावर देशोदेशी फिरतात. भारतात मात्र गिअरच्या दुचाकीचा एकच परवाना काढला की शंभर सीसीपासून तेराशे सीसीपर्यंत काहीही चालवता येतं. त्यामुळे टप्प्याटप्प्याने वर जाण्याची जबाबदारी इथे चालकावरच येते.

पुढचं चाक: १७, १९ की २१ इंच?

रस्त्यासाठी बाइक निवडताना सर्वांत जास्त काही सांगून जाणारा आकडा हाच.

२१ इंची चाक मोठं आणि अरुंद असतं. दगडगोट्यांवरून ते सहज चढतं, पण डांबरी वळणावर गाडी आत झुकवायला जरा जास्त जोर लागतो आणि टायरचा रस्त्याला टेकणारा भाग कमी रुंद असतो. १७ इंची चाक स्पोर्ट बाइकसारखं चटकन वळतं, पण खड्ड्यात दणका बसतो. १९ इंची चाक या दोहोंच्या मधलं. वळणावर विश्वास वाटतो आणि खड्ड्यातही निभावतं.

कंपन्यांनाही हा फरक मान्य आहे. ट्रायम्फची टायगर ९०० दोन रूपांत येते. इंजिन एकच, ८८८ सीसीचं. जीटी प्रो रस्त्यासाठी: पुढे १९ इंची चाक, सीट ८२० ते ८४० मिलिमीटर. रॅली प्रो कच्च्या वाटांसाठी: पुढे २१ इंची चाक, लांब सस्पेन्शन, सीट ८६० ते ८८० मिलिमीटर. होंडानेही २०२४ मध्ये आफ्रिका ट्विनच्या लांब पल्ल्याच्या ॲडव्हेंचर स्पोर्ट्स मॉडेलचं पुढचं चाक २१ वरून १९ इंचांवर आणलं. ज्या गाडीच्या नावातच आफ्रिका आहे, तिलाही रस्त्यासाठी बदलावं लागलं.

उंची आणि वजन: इथेच बहुतेक जण चुकतात

८५० मिलिमीटर उंचीच्या सीटवर १६५ ते १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाच्या दोन्ही टाचा एकाच वेळी टेकत नाहीत. चवडे टेकतात. सपाट रस्त्यावर तेवढं पुरतं. पण गाडी क्वचितच सपाट जागी थांबते. घाटात रस्ता एका बाजूला उतरता असतो, साइडपट्टीवर खडी असते, अंगणात वाळू असते. पाय टेकवायला गेलात आणि जमीन दोन इंच खाली निघाली, तर अडीचशे किलो हाताने तोलून धरणं कोणालाच जमत नाही.

वजनाच्या आकड्याबाबत आणखी एक गोष्ट पाहावी. बीएमडब्ल्यू आर १३०० जीएसचं वजन २३७ किलो आहे, तर तिच्याच ॲडव्हेंचर मॉडेलचं २६९ किलो. हा ३२ किलोंचा फरक काही अंशी मोठ्या टाकीमुळे पडतो: १९ ऐवजी ३० लिटर. पण पुणे-तारकर्ली मार्गावर पेट्रोल पंप जागोजागी आहेत. लिटरला २० किलोमीटर धरले, तर २० लिटरच्या टाकीत ४०० किलोमीटर होतात. मग तांदळाच्या कट्ट्याएवढं जादा वजन कायम का वागवायचं?

बाइकनिहाय तुलना

*बीएमडब्ल्यू आर १३०० जीएस.* १४५ हॉर्सपॉवर, १४९ न्यूटन-मीटर टॉर्क, १९ लिटरची टाकी, पुढे १९ इंची चाक. दोन सिलिंडर आडवे, दोन्ही बाजूंना बाहेर आलेले. त्यामुळे वजन खाली राहतं आणि चालू लागल्यावर गाडी आकाराच्या मानाने हलकी वाटते. चेनऐवजी शाफ्ट असल्याने तेल-सफाईची कटकट नाही. सीट ८५० मिलिमीटर. थांबताना गाडी आपोआप ८२० पर्यंत खाली बसवणारी सोय पर्यायाने मिळते. जून २०२४ मध्ये भारतात आली तेव्हा किंमत २०.९५ लाखांपासून होती.

*डुकाटी मल्टिस्ट्राडा व्ही ४.* ११५८ सीसी, १७० हॉर्सपॉवर, पुढे १९ इंची चाक, २२ लिटरची टाकी. या तुलनेतली सर्वांत तेज गाडी. पुढे आणि मागे रडार घेऊन बाजारात आलेली ही जगातली पहिली बाइक. पण गुरं आणि कुत्री अचानक आडवी येणाऱ्या रस्त्यावर रडारच्या क्रूझ कंट्रोलवर विसंबून राहता येत नाही. व्हॉल्व्हची तपासणी ६० हजार किलोमीटरनंतर, ही तिची मोठी जमेची बाजू.

*कावासाकी व्हर्सिस ११००.* चार सिलिंडर, १३५ हॉर्सपॉवर, दोन्ही चाकं १७ इंची. ही जवळजवळ पूर्णपणे रस्त्याचीच बाइक. इंजिन अतिशय गुळगुळीत चालतं, मागे बसणाऱ्याला सुख. वजन मात्र अडीचशे किलोच्या वर. फेब्रुवारी २०२५ मध्ये १२.९० लाखांना आली, म्हणजे वरच्या दोघींपेक्षा बरीच स्वस्त.

*होंडा आफ्रिका ट्विन ॲडव्हेंचर स्पोर्ट्स.* १०८४ सीसी, २४.८ लिटरची टाकी. डीसीटी प्रकारात क्लचची दांडीच नसते, गिअर आपोआप पडतात. घाटात ट्रकच्या रांगेत अडकल्यावर डाव्या हाताला आराम मिळतो. पण अगदी हळू वेगात गाडी वळवताना क्लच अर्धवट दाबून तोल सांभाळायची सवय असेल, तर ती इथे मोडावी लागते.

*ट्रायम्फ टायगर ९०० जीटी प्रो.* १०८ हॉर्सपॉवर, ९० न्यूटन-मीटर, २२२ किलो, २० लिटरची टाकी. वजन, उंची आणि ताकद यांचा मेळ रस्त्यासाठी चांगला जमला आहे.

*सुझुकी व्ही-स्ट्रॉम ८०० डीई आणि होंडा एक्सएल ७५० ट्रान्साल्प.* पहिली ७७६ सीसी, ८४ हॉर्सपॉवर, २३० किलो, सीट ८५५ मिलिमीटर. दुसरी ७५५ सीसी, ९२ हॉर्सपॉवर, सुमारे २०८ किलो, सीट ८५०. दोन्हींना पुढे २१ इंची चाक. दोघी भारतात आल्या त्या दहा ते अकरा लाखांच्या दरम्यान. खराब रस्त्यावर सुखाच्या, पण उंचीला कमी असलेल्यांनी बसून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

*होंडा एनएक्स ५००.* ४७१ सीसी, ४७ हॉर्सपॉवर, १९६ किलो, सीट ८३० मिलिमीटर, पुढे १९ इंची चाक. जानेवारी २०२४ मध्ये ५.९० लाखांना आली. ताशी ८० च्या मर्यादेत हिला कशाचीच कमतरता जाणवत नाही.

*रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५०.* ही मोठ्या गटातली नाही, पण मोजपट्टी म्हणून उपयोगी. ४५२ सीसी, ४० हॉर्सपॉवर, १९६ किलो, सीट ८२५ ते ८४५ मिलिमीटर. तारकर्लीच्या अंगणात हीच सर्वांत जास्त दिसेल. महागडी बाइक पाहताना 'हिच्यापेक्षा मला नेमकं काय जास्त मिळतंय?' हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

घाट, पाऊस आणि इलेक्ट्रॉनिक्स

महाग गाड्यांमध्ये पैसे वसूल होतात ते इथे. साधं एबीएस गाडी सरळ असताना चाक अडकू देत नाही. कॉर्नरिंग एबीएस गाडी किती झुकली आहे हेही मोजतं आणि त्यानुसार ब्रेकचा जोर कमी-जास्त करतं. करूळ घाटातल्या वळणावर गाडी झुकलेली असताना समोर अचानक माती-दगड दिसले, तर हा फरक हाड मोडण्या-न मोडण्याचा ठरू शकतो.

आर १३०० जीएस, मल्टिस्ट्राडा, आफ्रिका ट्विन, व्हर्सिस ११०० आणि टायगर ९०० जीटी प्रो यांत ही सोय आहे. व्ही-स्ट्रॉम ८०० डीई आणि ट्रान्साल्पमध्ये नाही. पावसाळ्यात कोकणात वारंवार उतरणाऱ्याने हॉर्सपॉवरच्या आधी हा रकाना वाचावा.

तरी टायर गुळगुळीत झालेले असतील, तर कोणतंही इलेक्ट्रॉनिक्स वाचवत नाही. खोल खाचांचे कच्च्या वाटेचे टायर दिसायला रुबाबदार असतात, पण ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर त्यांची पकड रस्त्याच्या टायरपेक्षा कमी असते.

उष्णता: रीलमध्ये न दिसणारा त्रास

मोठं इंजिन म्हणजे मोठी भट्टी. मे महिन्यात कणकवलीच्या गर्दीत पाच मिनिटं थांबलं, की मांड्यांना झळ लागते. डुकाटीने यावर उपाय म्हणून गाडी उभी असताना मागचे दोन सिलिंडर बंद ठेवण्याची सोय केली आहे. आर १३०० जीएसचे सिलिंडर पायांच्या पुढे आणि बाहेर असल्याने झळ थोडी कमी पोहोचते. टेस्ट राइड घेताना रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटं पळवण्यापेक्षा दुपारच्या गर्दीत वीस मिनिटं चालवून पाहावं.

खारी हवा, पंक्चर आणि साइड स्टँड

तारकर्लीत दोन-तीन रात्री गाडी उघड्यावर राहिली, की मिठाचा थर बसतो. चेन, स्पोकच्या टोकांना आणि बोल्टना गंज धरतो. घरी पोहोचल्यावर, शक्यतो निघण्याआधीच, गोड्या पाण्याने गाडी धुवावी आणि चेनला तेल द्यावं.

ॲलॉय चाकांना ट्यूबलेस टायर असतात, पंक्चर पट्टी घालून रस्त्यातच काढता येतं. व्ही-स्ट्रॉम ८०० डीई आणि ट्रान्साल्पसारख्या स्पोकच्या गाड्यांत ट्यूब असते. पंक्चर झालं तर चाक उतरवावं लागतं आणि एवढं जड चाक गावातल्या पंक्चरवाल्याकडे निघेलच असं नाही.

अंगणातल्या मऊ मातीत साइड स्टँड हळूहळू रुततो आणि रात्रीत गाडी आडवी होते. स्टँडखाली जांभ्याची चपटी कपची किंवा फळीचा तुकडा ठेवला की काम होतं.

आणि पुळणीवर गाडी नेऊ नये. मऊ वाळूत जड गाडी मागच्या चाकाच्या आसापर्यंत रुतते. शिवाय सिंधुदुर्गच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. वरून दिसत नाहीत, चाकाखाली मात्र येतात.

खर्च: शोरूमची किंमत ही फक्त सुरुवात

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्या सगळ्यांवर ४० टक्के. म्हणजे वर दिलेल्या सर्वच बाइक्स वरच्या गटात येतात. वर दिलेल्या किमती बाजारात येतानाच्या, एक्स-शोरूम आहेत. आजचा भाव शोरूममध्ये विचारावा लागेल. त्यावर रोड टॅक्स, विमा, पेट्या, क्रॅश गार्ड आणि चांगलं जॅकेट-बूट-हेल्मेट. टायरचा जोडही या गाड्यांना स्वस्तात येत नाही.

मोठ्या परदेशी कंपन्यांची सर्व्हिस सेंटर्स मोठ्या शहरांत एकवटलेली आहेत. मालवणात एखादा सुटा भाग मोडला, तर गाडी टेम्पोत घालून न्यावी लागू शकते. घेण्याआधी आपल्या शहरापासून सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, हे पाहणं म्हणूनच गरजेचं.

मग कोणती घ्यावी?

- आधी मोठी बाइक चालवलेली नसेल, उंची बेताची असेल: एनएक्स ५०० किंवा हिमालयन ४५०.
- कायम जोडीने आणि सामानासह, जवळजवळ फक्त चांगल्या रस्त्यावर: व्हर्सिस ११००.
- एकट्याने आणि जोडीने, घाट आणि पाऊस दोन्ही: टायगर ९०० जीटी प्रो.
- रस्ते खराब, उंची चांगली, बजेट दहा-अकरा लाखांच्या आसपास: ट्रान्साल्प किंवा व्ही-स्ट्रॉम ८०० डीई.
- अनुभव दांडगा, वर्षाला हजारो किलोमीटर आणि खर्चाची तयारी: आर १३०० जीएस किंवा मल्टिस्ट्राडा व्ही ४.

शोरूममध्ये गेल्यावर तीन गोष्टी जरूर करून पाहाव्यात. नेहमीचे बूट घालून, शक्य असेल तर मागे माणूस बसवून, गाडी स्टँडवरून सरळ करावी. इंजिन बंद ठेवून, सीटवर बसूनच ती पायांनी पाच फूट मागे ढकलावी. आणि अरुंद जागेत, वळवलेल्या हँडलने, पाय न टेकवता एक पूर्ण वळण घ्यावं. हे तिन्ही जमलं, तर देवबागच्या रस्त्यावर समोरून एसटी आली तरी घाबरायचं कारण नाही. जमलं नाही, तर एक आकार लहान गाडी पाहावी. तारकर्लीचा किनारा तिच्यावरूनही तेवढाच जवळ आहे.